करणारा कोण? : रेझ्युमे लिहिण्याविषयी थोडं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे.)

व्यासपीठावरचे गुरुजन, माझ्या १९९५ च्या बॅचचे मित्रमैत्रिणी, आमच्या पुढच्या-मागच्या बॅचेस, आणि ‘चल, ऐकून घे, उपयोगी पडेल’ म्हणून आईवडिलांनी ज्यांना ओढून आणलंय ती मागच्या रांगेतली मुलंमुली, सगळ्यांना नमस्कार.

संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील संधी आणि आव्हाने’. तो मी नम्रपणे परत केला. संधी नेमक्या कुठे आहेत हे मला कळत असतं तर मी आत्तापर्यंत निवृत्त होऊन प्रीतिसंगमावर फिरत असते. मी म्हटलं, रेझ्युमे कसा लिहायचा यावर बोलते. फोनवर पलीकडे जरा शांतता झाली. मग प्रश्न आला, ‘त्यावर काय बोलणार? एक पान तर असतं.’

सांगते. गेल्या दीड वर्षात आपल्याच बॅचमधल्या चौघांनी मला फोन केले. दोघांना स्वतःसाठी नोकरी हवी होती, दोघांना मुलांसाठी. चौघांचंही वाक्य एकच होतं, ‘रेझ्युमे पाठवतो, जरा बघशील का?’ आणि चारही फोन रात्री दहानंतरचे. दिवसा एकानेही विचारलं नाही. घरातलं कुणी ऐकत नाही, ऑफिसातलं कुणी ऐकत नाही, अशा वेळी गॅलरीत जाऊन केलेले फोन. तेव्हाच ठरवलं होतं, की हे कधीतरी दिवसाउजेडी, माइकवर बोलायचं.

आधी हे पान वाचतं कोण ते सांगते. एका जागेसाठी आमच्याकडे कधी दोनशे, कधी तीनशे अर्ज येतात. एचआरवाले त्यातले चाळीसेक माझ्याकडे पाठवतात. दिवसभर मीटिंगा असतात, त्यामुळे ते वाचायचे रात्री. मुलीचा अभ्यास झालाय, ओटा आवरून झालाय, दुधाला विरजण लावायचं राहिलंय, आणि चष्मा पुसून मी लॅपटॉप उघडते. एका रेझ्युमेला पहिल्या फेरीत माझ्याकडून फार तर अर्धा मिनिट मिळतं. हे योग्य आहे असं मी म्हणत नाही, पण असंच आहे. वाचणारी बाई दुष्ट नसते. ती दमलेली असते, आणि तिला तुमच्याबद्दल काहीही माहीत नसतं.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला बरं वाटत नाही.

तीन वर्षांपूर्वी जून महिन्यात अशाच एका रात्री एक रेझ्युमे उघडला. पत्ता कराडचा. साहजिकच हात थांबला. वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ : आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेची आणि स्वतःची प्रगती साधणे. हे वाक्य माझ्याही २००१ च्या रेझ्युमेत होतं. ते बहुतेक आपल्या सगळ्यांच्या आधीपासून या जगात आहे. त्याखाली स्वभाव : मेहनती, प्रामाणिक, लवकर शिकणारी, संघभावना असलेली. त्याखाली सी, सी प्लस प्लस, जावा, पायथॉन, एसक्यूएल, एमएस ऑफिस. प्रोजेक्ट : ऑनलाइन लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम. त्या आठवड्यात लायब्ररीचा तो माझ्यासमोरचा चौथा प्रोजेक्ट होता. छंद : वाचन, संगीत. शेवटी, ‘वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे’, तारीख, स्थळ, सही.

मी तो ‘नाही’च्या फोल्डरमध्ये टाकला. वर आपल्या गावची म्हणून वेगळा न्याय लावला नाही याबद्दल स्वतःचीच पाठ थोपटली.

दिवाळीत इथे आले होते. बाबा गेल्यावर त्यांची एक ठेव माझ्या नावावर करून घ्यायची राहिली होती, म्हणून पतसंस्थेत गेले. संध्याकाळची वेळ, पिग्मी एजंट एकेक करून येत होते. त्यांच्या हातातल्या मशीनमधली दिवसाची जमा संगणकावर उतरत होती. क्लार्कने एक बटण दाबलं आणि पडद्यावर तीन ओळींची यादी आली : या तीन खात्यांत एजंटाची रक्कम आणि खातेवहीतली रक्कम जुळत नाही. मला माझ्या धंद्याची सवय. विचारलं, ‘हे कुठल्या कंपनीचं सॉफ्टवेअर?’

‘कंपनी कुठली, ताई. आमच्या पोरीनं करून दिलंय.’ मग त्यांनी सगळं सांगितलं. चौदा एजंट आहेत. पूर्वी रोज संध्याकाळी प्रत्येकाची यादी खातेवहीशी ओळ न् ओळ ताडून बघायला दोन-अडीच तास जायचे, घरी जायला साडेनऊ व्हायचे. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना पोरीने सुट्टीत हा प्रोग्रॅम लिहिला. आता वीस मिनिटांत होतं. दीड वर्ष झालं, एक दिवस खाडा नाही. ‘सध्या नोकरी बघतेय पुण्यात, पण कुठनं बोलावणंच येईना.’ त्यांनी तिचं नाव सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या घरी आली. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये मार्कशीटच्या झेरॉक्स आणि तो रेझ्युमे. मी विचारलं, ‘पतसंस्थेचं काम यात कुठे आहे?’

‘ते कॉलेजचं प्रोजेक्ट नव्हतं ना, मॅडम. ते बाबांचं काम होतं.’

मी तिला सांगितलं, की तुझा हा रेझ्युमे जूनमध्ये माझ्याकडे आला होता आणि मी तो बाजूला टाकला. जागा तोवर भरली होती. वाटलं, रागावेल. ती म्हणाली, ‘बरोबरच आहे ना. त्यात काही नव्हतंच.’ ती रागावली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं.

आणखी एक गोष्ट. दहावीपुढे तिने फक्त टक्के लिहिले होते, ९१. शाळेचं नाव नाही. का, असं विचारलं तर खाली बघत म्हणाली, ‘सीनियर म्हणाले, मराठी मीडियम दिसलं की बाजूला टाकतात.’ ती आपल्याच शाळेची. ज्या बाकांवर तुम्ही आत्ता बसला आहात, तिथलीच.

मला तिला काही बोलता येईना, कारण तोच उद्योग मी तिच्या जन्माच्या आसपास करून बसले होते. २००१ साली माझं इंजिनिअरिंग संपलं. अमेरिकेतल्या इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला होता आणि त्याची झळ पुण्यापर्यंत आली होती. कॅम्पसमधून मिळालेलं ऑफर लेटर हातात होतं, रुजू होण्याची तारीख दोनदा पुढे गेली, आणि मग पत्रं यायची थांबली. कर्वेनगरात एका खोलीत आम्ही तिघी. बुधवारी टाइम्सची ‘असेंट’ पुरवणी घ्यायची, सायबर कॅफेत फ्लॉपी घेऊन जायचं, प्रिंट काढायच्या आणि कंपन्यांच्या दारात वॉचमनकडे देऊन यायच्या. त्या रेझ्युमेत मी शाळेचं नाव इंग्रजी आद्याक्षरांत लिहिलं होतं. तीन अक्षरं. वाचणाऱ्याला वाटावं, असेल एखादं कॉन्व्हेंट. बाई, तुम्ही इथे समोर बसला आहात. मला हे तुमच्यासमोर एकदा सांगून टाकायचं होतं.

कामाचं म्हणाल तर पदवी झाल्यावर शाळेचं नाव लिहायची गरजच नसते. वाचणारा ते बघत नाही, जागा वाचते. तेव्हा नाव नाही लिहिलं म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. एकदा ‘आपलं ते दाखवण्यासारखं नाही’ हे मनात बसलं की माणूस शाळेवर थांबत नाही. बाबांच्या पतसंस्थेचं काम लपतं, मामाच्या दुकानातला हिशेब लपतं, रानातल्या ठिबकचं वेळापत्रक मोबाइलवर बसवलं ते लपतं. आणि उरतं काय, तर लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम.

त्या दिवशी मी तिला म्हटलं, इंग्रजी बाजूला ठेव. आईला सांगितल्यासारखं मराठीत सांग, काय केलंस. ती दहा मिनिटं बोलली. मशीनमधली फाइल कशी निघते, एका एजंटाच्या मशीनमध्ये खाते क्रमांकाच्या आधीची शून्यं गळून पडायची म्हणून आकडे कसे चुकायचे, ते शोधायला तिला आठ दिवस कसे लागले. अहो, ही शून्यांची भानगड नोकरीत आलेल्या लोकांनाही छळते. ती सांगत होती आणि मी दिवाळीच्या शुभेच्छांच्या पाकिटामागे लिहून घेत होते. मग बाईंचा प्रश्न आठवला.

आठवी ‘ब’ला व्याकरण शिकवताना बाई म्हणायच्या, कर्ता सापडत नसेल तर धातूला ‘णारा’ लावा आणि ‘कोण’ विचारा. करणारा कोण? खाणारा कोण? आम्ही हसायचो. आज मी रेझ्युमे वाचताना हेच करते. ‘प्रणालीची अंमलबजावणी करण्यात आली.’ करणारा कोण? ‘विविध उपक्रमांत सहभाग होता.’ सहभागी होऊन करणारा काय करत होता? ‘टेस्टिंगची जबाबदारी होती.’ ती पार पडली का? इंग्रजीत लिहिताना आपल्याकडची हुशार मुलं कर्मणी प्रयोगात जाऊन लपतात. त्याला कारण आहे. आपल्याला घरी शिकवलेलं असतं की ‘मी केलं’ म्हणू नये, ‘झालं’ म्हणावं. संस्कार चांगलाच आहे, पंगतीत वाढताना ठेवावा. त्या अर्ध्या मिनिटात मात्र ‘झालं’ वाचून मला कळत नाही की ते तुमच्यामुळे झालं की तुम्ही तिथे उभे होतात.

याचा अर्थ दुसऱ्याचं श्रेय ओढून घ्या असा नाही. चौघांनी मिळून केलं असेल तर ‘चौघांच्या गटात माझ्याकडे रिपोर्टचा भाग होता’ असं लिहा. मुलाखतीत दोनच प्रश्न विचारले की कळतं. मला तरी स्वतःचा चौथा हिस्सा नीट सांगणारी मुलं आवडतात.

भूमितीचे सरही आज आले आहेत. सर, तुमचं ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ अजून वापरते. ‘मी मेहनती आहे’ हे साध्य झालं. सिद्धता कुठे आहे? बहुतेक रेझ्युमेंत साध्यांची रांग असते आणि सिद्धतेची जागा कोरी. उलट सिद्धता लिहिली तर साध्य लिहायची गरज राहत नाही, ते वाचणारा स्वतः काढतो. आणि सर, उत्तरापुढे एकक नसेल तर तुम्ही अर्धा गुण कापायचात, तोही मी कापते. ‘वेळ वाचवला.’ किती? मिनिटं की महिने?

तर पाकिटामागच्या त्या मजकुरातून शेवटी जी ओळ तयार झाली ती अशी : ‘पतसंस्थेच्या १४ पिग्मी एजंटांची रोजची जमा खातेवहीशी ताडून फरक दाखवणारा प्रोग्रॅम पायथॉनमध्ये एकटीने लिहिला. रोजचं अडीच तासांचं काम वीस मिनिटांवर आलं. दीड वर्षापासून रोज वापरात.’ याचं साधं इंग्रजी तिनेच केलं. लायब्ररीच्या वर, पहिल्या क्रमांकावर ही नोंद आली. ‘मेहनती, प्रामाणिक’ आम्ही खोडलं, आव्हानात्मक वातावरण खोडलं, सही-तारीख खोडली. पतसंस्थेच्या सचिवांना विचारून घेतलं, की असं लिहिलं तर चालेल ना, आणि सभासदांचं एकही नाव किंवा खातं कुठे दाखवायचं नाही हे तिला बजावलं. हे महत्त्वाचं आहे. उत्साहात पोरं खऱ्या लोकांची माहिती असलेले स्क्रीनशॉट जोडतात आणि तिथेच निकाल लागतो.

त्यानंतर तिने सतरा ठिकाणी अर्ज केले. तीन ठिकाणहून बोलावणं आलं, एका ठिकाणी नोकरी लागली, बाणेरला. सतरातून तीन हे कमी वाटेल, पण आधी पन्नासातून शून्य होतं. मुलाखतीत त्यांनी लायब्ररीबद्दल काहीच विचारलं नाही. अर्धा तास त्या गळालेल्या शून्यांवर गेला.

सगळेच संगणकातले नाहीत, माहीत आहे. कॉमर्सची मुलगी ‘टॅली येतं’ असं लिहिते. त्यापेक्षा ‘तीन दुकानांचे जीएसटी रिटर्न दोन वर्षं दर महिन्याला भरले’ असं लिहावं. नर्सिंगच्या मुलीने ‘रुग्णसेवेची आवड’ लिहिण्यापेक्षा किती खाटांचा वॉर्ड, कोणती पाळी, किती महिने हे लिहावं. आकडा सापडत नसेल तर स्वतःला विचारा : किती जणांसाठी, किती वेळा, किती दिवस, आणि मी सोडून ते कोण वापरतं? यातल्या एकाचं तरी उत्तर निघतंच.

आता बायोडेटाकडे येते. आपल्याकडे हा शब्द दोन कामांना वापरतात आणि तिथेच घोटाळा होतो. एकीकडे ‘श्री गणेशाय नमः’ने सुरू होणारा लग्नाचा बायोडेटा, त्यात उंची, रास, मामांचं आडनाव, शेती किती एकर. दुसरीकडे नोकरीचा. या दोघांची सरमिसळ झालेले कागद मला दर आठवड्याला येतात. वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट फोटो. एकदा तर रक्तगटही होता. खासगी कंपनीच्या रेझ्युमेत यातलं काही लागत नाही. सरकारी नोकरीचा ठरलेला नमुना असेल तर तिथे मागितलेलं सगळं भरा, तो वेगळा विषय.

यामागे नुसता जागेचा प्रश्न नाही. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा अभ्यास आला होता. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक नावांचा. काही नावं सवर्ण हिंदू वाटणारी, काही दलित, काही मुस्लीम. पात्रता तीच असूनही दलित आणि मुस्लीम नावांच्या अर्जांना बोलावणं येण्याची शक्यता कमी दिसली. म्हणजे तुम्ही आडनावाशिवाय काही लिहिलं नाहीत तरी समोरचा काय काय वाचतो ते बघा. नाव काही काढता येत नाही आणि काढूही नये. हे लिहिणाऱ्याने सुधारायचं नाहीच, वाचणाऱ्याने सुधारायचं आहे. या सभागृहात दुकानं, कारखाने, दवाखाने चालवणारे बरेच जण आहात, म्हणून मुद्दाम बोलले. आमच्या टीममध्ये आता पहिल्या वाचनाला नाव झाकून प्रती देतात. मीच भांडून ते सुरू केलं. जूनमधल्या त्या रात्री पत्ता बघून माझा हात थांबला होता, ते मी विसरलेले नाही.

यंत्राबद्दल थोडक्यात. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातो. ते तुमच्या फाइलमधला मजकूर उपसून रकान्यांत भरतं. दोन स्तंभांची सुंदर रंगीत डिझाइनं त्याला नीट वाचता येत नाहीत, डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत मिसळते. फोटोत किंवा चित्रात लिहिलेला मजकूर त्याला बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून एक स्तंभ, साधा टाइप, ज्यातला मजकूर कॉपी करता येतो अशी पीडीएफ. जाहिरातीत जो शब्द आहे आणि ते काम तुम्ही केलेलं आहे, तर तोच शब्द वापरा, त्याचा भाऊबंद शोधू नका. पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवायची युक्ती व्हिडिओत दाखवतात. ती करू नका, मजकूर उपसला की ती उघडी पडते. फाइलला स्वतःचं नाव द्या. माझ्याकडे ‘रेझ्युमे फायनल नवीन २’ या नावाच्या किती फाइली पडल्या आहेत विचारू नका. आणि फोन नंबर एकदा दुसऱ्याकडून वाचून घ्या. आकडा चुकलेला एक चांगला मुलगा आम्ही गमावला आहे.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून इंग्रजी सगळ्यांचंच सुधारलं. एका आठवड्यात माझ्याकडे तीन वेगवेगळ्या शहरांतून एकच वाक्य आलं, शब्दशः एक, आणि तिघांनीही कार्यक्षमता ३० टक्क्यांनीच वाढवली होती. व्याकरण तपासायला ते जरूर वापरा. तुमचं काम त्याला माहीत नसतं, म्हणून ते आकडे स्वतःच्या मनाने घालतं, आणि मुलाखतीत त्या तीस टक्क्यांचा हिशेब द्यायला ते येत नाही. विकत मिळणाऱ्या अनुभवाच्या दाखल्यांचंही तेच. पीएफच्या यूएएन क्रमांकाखाली कुठल्या कंपनीने कधी पैसे भरले ते दिसतं. दोन वर्षांनी पकडलेली मुलं मी बघितली आहेत. चालू नोकरीतून त्याच दिवशी बाहेर.

आता माझ्या वयाच्या लोकांकडे वळते. त्या रात्री दहाच्या फोनांमध्ये एक वाक्य पुन्हा पुन्हा आलं, ‘मधली वर्षं कशी दाखवू?’ कुणाची कंपनी बंद झाली, कुणाला सत्तेचाळिसाव्या वर्षी एका ईमेलने घरी बसवलं, कुणी आजारपण काढलं.

२०११ ते २०१४ मी घरी होते. मुलगी लहान होती, बाबांना पक्षाघात झाला होता. परत नोकरी शोधायला लागले तेव्हा मी रेझ्युमेतून सगळ्या तारखाच काढून टाकल्या. एका कंपनीत मुलाखत घेणाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, ‘तुम्ही शेवटचं काम कधी केलंत?’ उत्तर साधं होतं, मी त्याला नको तितकी वळणं घेतली. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला असणार. त्यांनी पुढचे प्रश्न विचारले ते नुसते सभ्यपणापोटी. घरी येताना रिक्षात रडले. मग एक ओळ लिहिली : ‘२०११–२०१४ : घरच्या जबाबदारीसाठी नोकरीतून विराम. शेवटच्या आठ महिन्यांत अमुक भाषा शिकून अमुक छोटं ॲप्लिकेशन तयार केलं.’ एवढंच. पक्षाघात लिहिला नाही, दिलगिरी लिहिली नाही. पुढच्या ठिकाणी त्यांनी ती ओळ वाचली, त्या ॲप्लिकेशनबद्दल विचारलं आणि पुढे गेले. काहींनी ती ओळ वाचूनच मला बाजूला टाकलं असेल. ते मला कधी कळलं नाही आणि त्यांच्याकडे माझं निभावलंही नसतं.

वीस-पंचवीस वर्षं काम केलेल्यांना एक विनंती. दोन पानांच्या पुढे जाऊ नका. शेवटच्या दहा वर्षांचं नीट लिहा, त्याआधीच्या नोकऱ्यांना एकेक ओळ. माझ्या एका मित्राचा रेझ्युमे नऊ पानांचा होता. नऊ! त्यात १९९९ साली घेतलेल्या विंडोजच्या प्रशिक्षणाची तारीख होती. मी खोडायला लागले तर तो दुखावला. ‘एवढं केलंय गं मी,’ म्हणाला. केलंयसच. रेझ्युमे हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ सारांश. आपल्याला दहावीला सारांशलेखन होतं, एक तृतीयांशात आणा म्हणायचे. एकतृतीयांश म्हणजे तीन पानं. एक आणखी खोडलं. नव्या जागी त्याला टीम सांभाळायची होती, म्हणून ‘११ माणसांच्या टीममधून चार वर्षांत एकच जण सोडून गेला’ ही ओळ आम्ही सातव्या पानावरून उचलून पहिल्यावर आणली. ती त्याने सातव्या पानावर का ठेवली होती, देव जाणे. त्याची नोकरी अजून ठरलेली नाही. परवा दुसरी मुलाखत झाली. तो इथेच बसलाय, मी बघत नाहीये त्याच्याकडे.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. जेवणानंतर मी सातवी ‘अ’च्या वर्गात बसणार आहे, जिन्याच्या उजवीकडे, संध्याकाळी पाचपर्यंत. ज्यांच्याकडे रेझ्युमे आहे त्यांनी छापील प्रत आणा, मोबाइलवर नको, मला वर लिहायला लागतं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी कोरा कागद आणा आणि मराठीत सांगायला या. मुलांबरोबर आईवडील आले तरी चालतील, फक्त उत्तरं मुलांनी द्यायची. आणि बॅचवाल्यांनो, तुमच्यासाठी साडेचारनंतरची वेळ ठेवली आहे, दार लावून घेईन. पेन्सिली मी आणल्या आहेत.